तिसऱ्या भागातली दिरंगाई

यान कुठेच जात नव्हतं.
हे मला कुरामित्सु-साननी सांगितलं,
ओनोमिचीच्या चढावरच्या घरात,
संत्र्याची साल एका सलग पट्टीत उतरवताना.
"यान जागच्या जागी.
आम्ही आकाश ओढायचो उजवीकडून डावीकडे,
दर फ्रेमला एक ठिपका.
थांबायची सोय नाही, मागे वळायची तर नाहीच."

पाच भाग निघाले पाकोळीचे.
पहिला आर्केडच्या पेटीत, सिगारेटचे डाग पडलेल्या काचेमागे.
दुसरा घरातल्या टीव्हीवर,
जिथं एका ओळीत आठच चित्रं मावायची
आणि नववा शत्रू
असून नसल्यासारखा लुकलुकायचा.
चौथा सीडीवर; लोड होईतो चहा उकळून पिऊन व्हायचा.
पाचवा हातात मावणाऱ्या यंत्रासाठी,
तो दुकानात पोचेपर्यंत कंपनीच बुडाली.

पण लोक बोलतात ते तिसऱ्याबद्दल.
चौथा टप्पा, मेलेल्या जहाजांचं रान.
सत्तर गोळ्या एकदम अंगावर,
आणि बिचारी एकच चिप.
मग सगळं गुळाच्या पाकात पडल्यासारखं
हळू
हळू
गोळ्या तरंगायच्या, संगीत मात्र आपल्या चालीनं पुढे,
आणि दोन गोळ्यांच्या मधे
एका पाकोळीपुरती फट दिसायची.

नव्या यंत्रासाठी तो भाग मी बसवला.
दुरुस्त्यांच्या यादीत सतरावी नोंद माझीच:
'दिरंगाई काढून टाकली.'
वर हिरवी खूण केली, त्या दिवशी लवकर घरी गेले.

महिन्याभरात पत्रं आली.
त्यातलं एक हाकोदातेहून, शिरातोरी नावाचे,
बर्फ उपसायची गाडी चालवणारे, वय सत्तेचाळीस:
"चौथ्या टप्प्यात दर वेळी मरतो.
पूर्वी तिथं श्वास घ्यायला जागा होती.
ती तुम्ही कुठे ठेवलीत?"

कुरामित्सु-सान हसले, खोकला येईपर्यंत.
"ती काही दया नव्हती हो.
चिप दमायची.
आम्हाला लाज वाटायची त्याची.
आमागासाकीच्या ऑफिसात टेबलाखाली झोपून
मी तीन महिने सेकंदाचे साठावे भाग वाचवले,
जुन्या चपलेचा अंगठा शिवावा तसे,
आणि तरी ती दमलीच."
नेलेला कंट्रोलर मी त्यांच्या हातात दिला.
पहिल्याच टप्प्यात तीनदा मेले.
"हे मी केलंय?" म्हणाले,
आणि कोणीतरी परक्यानं चांगलं स्वयंपाकघर दाखवावं
तसे पडद्याकडे पाहत राहिले.

निघताना पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा दिला.
कुठल्या गोळीला चिपचे किती ठोके लागतात
त्याचा पेन्सिलीतला हिशोब,
कडेला कपबशीचं वर्तुळ.

फेरीबोटीवर मी लॅपटॉप उघडला.
आधी सोपं केलं:
चाळीसच्या वर गोळ्या गेल्या की वेग निम्मा.
खेळून पाहिलं. खोटं वाटलं,
आळशी पोरानं पोटदुखीचं सोंग काढावं तसं.
खरा थकवा असा एकसारखा नसतो.
तो लेझरपाशी अडखळतो,
मग उगाच दोन पावलं धावतो,
स्फोटाच्या वेळी भिंतीला टेकतो.

म्हणून आता रात्री
त्या पेन्सिलीतले ठोके एकेक उतरवते.
हे नवं यंत्र इतकं तालेवार
की त्याचा नव्वद टक्के वेळ वाट पाहण्यात जातो.
त्याला घाम येत नाही.
त्याला मी दमायला शिकवते आहे,
जुन्या, स्वस्त, मरून गेलेल्या एका चिपसारखं,
तिच्याच ठिकाणी, तिच्याइतकंच.

मार्चमध्ये सुधारित आवृत्ती गेली.
हाकोदातेचं बर्फ तेव्हा सरत आलं असावं.
शिरातोरींचं कार्ड आलं, तीन ओळींचं:
"जागा सापडली.
अजून मरतोच.
पण आता माझ्याच चुकीनं."