तिकटीचा फळा

पागावेशीत वेस नाही.
रिक्षावाल्याला सांगा, तो बरोबर आणून सोडेल,
जिथं ती नाही, तिथंच.

दरवाजा का पाडला, यावर कट्ट्यावर तीन मतं.
बाबालाल शिकलगार म्हणतो, छबिन्यातला हत्ती अडकला;
हत्ती कापता येईना, म्हणून कमान कापली.
दुसरं मत मोटारीचं.
तिसरं मी सांगत नाही,
ते सांगणाऱ्याकडं माझी उधारी आहे.

उरलाय एक दगड, मधोमध खळगा असलेला.
हौसाक्का त्याला टेकून म्हैस पिळते.
उभ्यानं ग्लास लावायचा, मिशीवरचा फेस मनगटानं पुसायचा.
सांडलेलं दूध खळग्यात साठतं, कुत्री चाटून जातात.
त्याच खळग्यात संस्थानाचं दार फिरायचं
आणि रात्री नऊला करकरत बंद व्हायचं.

मी तालमीचा फळा लिहितो.
खडू तालमीचा, अक्षर माझं, वर्षं एकोणतीस.
‘यांचे दुःखद निधन’ मी डोळे मिटून लिहू शकतो.
त्याच जागी दुसऱ्या दिवशी : उद्या नळाला पाणी नाही.
ओलं फडकं फिरवलं
की सगळं सारखंच काळं.

माझ्या आधी यसबा चिले लिहायचा.
त्याच्या आधी फळाच नव्हता, दवंडी होती.
डफावर थाप, माणसं दारात :
गाठीचा ताप आलाय, घरं सोडा, माळावर झोपड्या घाला.
त्या साली म्हणे तिकटीवर गुडघाभर गवत उगवलं.
परत येऊन ते पहिल्यांदा कुणी कापलं,
हे कुणालाच सांगता येत नाही.

एकोणीसच्या पुरात फळा उतरवायचा राहिला.
पाचव्या दिवशी होडीतून गेलो,
पडवीत पाणी अर्ध्या फळ्यापर्यंत.
ओसरलं तेव्हा वरचं नाव तसंच होतं,
खालचं निधन धुऊन गेलेलं.

आण्णाप्पा तेरदाळे.

मी फडकं भिजवलं, तर त्याची बायको उभी.
चप्पल हातात, चिखल पोटरीपर्यंत.
‘ऱ्हाऊ दे की आठ दिवस.’

आठाचे ऐंशी झाले.
मग फुटबॉलचा हंगाम लागला, पोरं जिंकून आली,
गुलाल घेऊन माझ्या डोक्यावर बसली, लिव्हा म्हणून.
जागा तेवढीच. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं.

सकाळी दुधाला आलेल्यांनी वाचलं :
आण्णाप्पा तेरदाळे
दोन–शून्य.

बाबालालनं ग्लास खाली ठेवला.
‘जितला की लका म्हातारा.’