डावखुरी जीप

मुक्कामी गाडीत आम्ही सव्वीस वर्षं झोपलो,
मी मागच्या लांब बाकावर,
दौलत आडे बॉनेटवर, पाय दाराकडे करून.
गाव निजलं की तो विचारायचा,
"आज कोठपर्यंत पोचलो होतो आपन?"
मी वेबिलाच्या पाठीवर बॅटरी धरायचो :
"पोर्तो. पहाटे सहाला सुटायचं."

नकाशा सापडला होता शेवटच्या सीटखाली,
उघडला तर चादरीएवढा.
दिग्रस डेपोत जमा केला, पावती घेतली.
सहा महिने कोणी आलं नाही तेव्हा साहेबच म्हणाले,
ने रे बाबा, उंदीर खातील.

लिस्बनपासून त्रिएस्तेपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्यानं.
मी सहा किलोमीटरचा एक असे टप्पे पाडले,
साडेपाचशे भरले.
दौलत म्हणाला, फिरेंझेत दोन मुक्काम ठेव,
जुनं शहर हाये, गल्ल्या चिंचोळ्या असतीन.
मी वाचून सांगितलं, आत गाडीच नेऊ देत नाहीत.
"मंग काय झालं, सोमवारी दिग्रसच्या बाजारात तरी
कोण नेऊ देते?"

समुद्र दोघांनीही पाहिलेला नाही.
एकदा पूस धरणाच्या भिंतीवर उभे राहून
त्यानं पलीकडचा काठ हातानं झाकला,
म्हणाला, आता पाह्य.
मी पाहिलं. हाताच्या वर डोंगर दिसत होता.

रिटायर झालो. फंड आला.
पासपोर्ट आले, पोस्टमननं चहा घेतला.
व्हिसाच्या कागदावर प्रवासाचा हेतू विचारला होता,
त्या रकान्यापाशी मी तीन दिवस अडलो.
चंद्रकलेनं सगळं ऐकून घेतलं, तांदूळ निवडता निवडता,
बोअरचं नाव काढलं नाही,
एवढंच म्हणाली,
"तथी कपडे कोठी वाळू घालान?"
आणि जवसाच्या चटणीसाठी बरणी काढून धुतली.

मग दौलत लायसनसाठी डोळे दाखवायला यवतमाळला गेला.
काचबिंदू.
डॉक्टर म्हणे, समोरचं दिसेल अजून काही वर्षं,
बाजूचं गेलं.
येताना आम्ही आपल्याच डेपोच्या गाडीत बसलो,
नव्या पोरानं तिकीट मागितलं.
दारव्ह्यापर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला,
"किनारा तं बाजूलेच असते ना, कंडक्टर."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.
सव्वीस वर्षांत मी कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता.
सायकलसुद्धा उतारावर हातात धरून नेतो मी.

रज्जाक मिस्त्रीकडे एक मिलिटरीची जीप पडून आहे,
स्टेअरिंग डावीकडे. गावात तिला डावखुरी म्हणतात,
लग्नात कोणी मागत नाही.
सोयाबीन निघालेल्या वावरात दौलतनं ती ढकलत आणवली,
मला आत बसवलं,
स्वतः उजवीकडे बसला, माझ्या जागी,
पत्र्याबाहेर हात काढून.

पहिल्या दिवशी मी बांध फोडला.
दुसऱ्या दिवशी गावातली पोरं खुर्च्या घेऊन आली.
"क्लच सोड, हळू, गाय उठते तसा."
"उजव्या अंगानं चाल. तथी समदे उजव्या अंगानं चालतात."
"अरे मागं काहून पाह्यतं? पासिंजर नाहीत मागं!"

काल दहा मिनिटं गाडी बंद पडली नाही.
वावराच्या कडेकडेनं, दुसऱ्या गिअरमध्ये,
तो सरळ समोर नजर लावून.
मग विचारलं,
"बाजूले काय हाये?"

तूर, मी म्हणालो. फुलावर आलेली.
वारा आहे. पूर्ण शेत हलते आहे,
लांबून सुरू होते आणि इथपर्यंत येते.

"इथपर्यंत?"

चाकापर्यंत.

तो काही बोलला नाही.
हात बाहेर होताच,
पत्र्यावर दोन थापा मारल्या.