पूर्ण कापडी

चिंचेच्या तालमीमागे माझं बाइंडिंगचं दुकान.
एरवी पीएचडीचे प्रबंध, दिवाळीच्या तोंडावर खतावण्या.
झुरी मट्टामी आली ती भर दुपारी,
लॉ कॉलेजची मुलगी,
तांदळाची पिशवी पोटाशी धरून.
आत एक रजिस्टर.
"बाबांनी पाठवलंय. कण्यात सुटलंय.
पानं मोजून घ्या, मोजून द्या."

मोजली. एकशे ब्याऐंशी.
मोहाचा वास, थोडा धुराचा,
कोपऱ्यावर वाळवीनं घेतलेला तिचा वाटा.

आम्ही वाचायचं नसतं, शिवायचं असतं.
पण खळ शिजेपर्यंत डोळ्यांनी करायचं काय?

मौजे इरपगुडा, ग्रामसभा.
ठराव सात: तेंदूचे पैसे घरटी सारखे,
एकट्या बाईचंही घर धरावं.
ठराव अकरा: नाल्यापलीकडचा बांबू
तीन वर्षं कोणी तोडू नये. ठेकेदारानंही.
ठराव चौदा: सभेला येणाऱ्यानं बंदूक
गोटुलाबाहेर झाडाला टेकवून यावं.
कोणाची बंदूक, ते लिहिलेलं नाही.
खाली चौसष्ट अंगठे.

पुढे पान नव्हतं.
कण्याशी नुसती दातेरी कड.
मग सोळा, त्याच अक्षरात:
पंधरावा ठराव सगळ्यांना तोंडपाठ आहे,
पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

एका सभेला कोरम भरला नाही.
सहा जण चौकशीला ठाण्यात.
दोघांना रात्री जंगलात नेलं,
त्यांच्या नावांपुढे अंगठ्याएवढी जागा कोरी.
सभा तहकूब. पुढची तारीख दिलेली.
त्या तारखेला सभा झालेली.

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून
तीन वर्षं सभा नाही. असो.

बाइंडर कड साफ करतो, सवयच असते.
ती दातेरी कड मी कापली नाही,
जुसात धरून शिवली.
दाभण तिथे जरा अडलं.

गुरुवारी ती मोजत बसली स्टुलावर, ओठ हलवत.
"एकशे ब्याऐंशी. आणि ही?"
"कोरी आहेत. शेवटी घातली थोडी. मोजणीत धरू नका."

मी विचारलंच, पंधरावा काय होता?
ती हसली. "तुम्ही कुठे गावात राहता."

कापडाचंच काय ते अडलं होतं.
लाल नको म्हणाली. खाकी नको.
हिरवंही नको, हिरवं दोघंही घालतात.
सगळे ताके उलटेपालटे केले,
तेव्हा सापडला एक हळदी तुकडा,
कुठल्याशा लग्नाच्या अल्बमातून उरलेला.
कसाबसा पुरला.