लायसन्स कोणाच्या नावे

पुंता अरेनासमध्ये जूनचा सूर्य
दहाला उगवतो, साडेपाचला गाशा गुंडाळतो.
तेवढ्या उजेडात मला
बारिया बंधूंच्या लोकरीच्या गोदामात
बॅकअप बसवायचा होता.

सर्व्हर जिन्याखाली. शेजारी बादली, पोछा,
आणि मेंढ्याच्या चित्राचं जुनं कॅलेंडर.
झाकण काढलं तर पंख्यावर करड्या लोकरीचा थर,
जणू यंत्रालाही इथली थंडी बाधली
आणि त्यानं आपल्यापुरतं काही विणायला घेतलं.

सर्व्हर किती? दोन.
सॉकेट किती? चार, पण एक रिकामं.
हिशेबनीस यास्ना कुसानोविचनं चष्मा कपाळावर चढवला.
"रिकाम्याचेही पैसे?"
नाही, म्हटलं, रिकाम्या जागेचे पैसे पडत नाहीत.
"पडतात," डॉन एवारिस्तो म्हणाले,
खिडकीजवळच्या खुर्चीकडे न बघता.

मग यास्नानं विचारलं, एवढे पेसो भरून
वर्षाअखेर हातात काय येणार?
सगळं नीट चाललं तर काहीच नाही.
"काहीच नाही, त्यासाठी?"
त्यासाठीच.

जुनं लायसन्स असेल तर नवं निम्म्यात मिळतं.
होतं. लिओन्सिओनं घेतलं होतं,
चावी त्याच्याच मेलवर आली होती.
लिओन्सिओला जाऊन पंधरा महिने झाले,
मेलबॉक्स बंद केला, मग कोणीतरी तो पुसला.
प्रत उरली ती फक्त जुन्या बॅकअपमध्ये,
आणि जुना बॅकअप त्या चावीशिवाय उघडेना.
तिजोरीची चावी तिजोरीत.
"त्याचंच काम," यास्ना म्हणाली,
"घराची जादा किल्ली तो दाराच्या
आतल्या खिळ्याला टांगायचा."
हसली, आणि उगाचच बिलं चाळत बसली.

एक वाट होती. नवं सॉफ्टवेअर
तीस दिवस फुकट चालतं, नाव-गाव विचारत नाही,
आणि जुन्या प्रती वाचतं.
अटी मान्य. पुढे. पुढे.
पोर्ट अडलं, फायरवॉलची समजूत काढली,
रीस्टार्ट केलं, मातेचा कप हातोहात फिरला.
चार टक्के. एकोणीस.
एकसष्टवर आकडा रुसून बसला.
पत्र्यावर वारा असा आपटत होता
की बाहेर माणसं दोर धरून रस्ता ओलांडत असणार.
डॉन एवारिस्तो सांगत होते,
नदी गावात शिरली तेव्हा लिओन्सिओनं
हाच डबा खांद्यावर घेतला होता,
तासाभरापूर्वी जन्मलेलं कोकरू घ्यावं तसा.
"आणि मी? मी गासड्या वाचवत होतो.
गासड्या!"

उघडला.
अकरा हजार दोनशे आठ मेल,
बहुतेक लोकरीच्या जाडीबद्दल.
चावी सापडली, पाच-पाच अक्षरांचे पाच गट,
मी वहीत उतरवली, पुन्हा ताडून पाहिली.
तेवढ्यात त्यांचं बोट पडद्यावर टेकलं.
मसुदे: एक.
प्रति: एवारिस्तो.
विषय: लोकरीचं नाही, दुसरंच.
खाली काही नाही.

खूप वेळानं त्यांनी विचारलं,
"याचाही बॅकअप होतो?"
होतो.
"किती जागा घेतो?"
एक किलोबाइट. तोही पत्त्याचाच.

परवानाधारकाचं नाव? चौकट एकच.
"दोघांचं घाल."
मी 'बारिया बंधू' लिहिलं. फॉर्मनं कुरकुर केली नाही.
बाहेर पडले तेव्हा अंधार,
फक्त ऑफिसात पडद्याचा निळा चौकोन,
आणि त्यासमोर खांदे.

पहाटे तीनला फोन वाजला, अहवाल आला.
बॅकअप यशस्वी. सूचना एक:
एक फाइल कोणीतरी उघडून ठेवलेली असल्यामुळे
वगळण्यात आली.
उद्या रात्री पुन्हा प्रयत्न केला जाईल.

मी सूचना तशीच राहू दिली.