पंचेचाळीस घोडे

एलिसेओ आला तेव्हा हातात चार घड्यांचा कागद,
अमरिलोहून आणलेला.
चारशे बारा. आकड्याभोवती लाल पेनानं वर्तुळ,
शेजारी एक उद्गारचिन्ह, तिथल्या मालकानं स्वतः काढलेलं.
माझ्या पडद्यावर तीनशे सदुसष्ट.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं काही रात्री पागेचं दार मीच उघडं टाकलं होतं.

एस्पान्योलात माझ्या डायनोला कंजूष म्हणतात.
म्हणोत.

हे बघ, मी म्हटलं, इंजिन इथं कुणीच मोजत नाही.
आपण मोजतो तो रूळ.
अमरिलोचा हलका, नुसता पोकळ पिंप,
गाडीनं त्याला पळवायचं,
तो किती लवकर पळाला त्यावरून ताकद ताडायची.
माझा रूळ अंगावर येतो.
चिमायोच्या चढाला मागे ट्रेलर बांधल्यासारखा.

पट्टे किती आवळले होते?
टायरमध्ये हवा?
कुठला गिअर?
गाडी थंड झालेली, की हायवेवरून थेट चढवली?
पट्टे दोन होते, म्हणाला. हवेचं कुणी विचारलं नाही.
तिथल्या कॉफीबद्दल मात्र त्याला सगळं आठवत होतं.

मग पासंगावर आले.
आपण समुद्रापासून सतराशे मीटर वर. हवा विरळ, इंजिनाला धाप.
म्हणून संगणक पदरचं थोडं घालतो:
बाई, तू समुद्रकाठी असतीस तर एवढी भरली असतीस.
किती घालायचं ते ठरतं एका तारेच्या टोकावर,
जिला फक्त हवा किती तापलीय एवढंच कळतं.
ती तार अमरिलोत कुठं लटकत होती?

एलिसेओनं डोळे मिटले.
बॉनेट उघडं, गाणी मोठ्यानं, तो पोरगा, तार...
रेडिएटरजवळ. पंख्याच्या तोंडाशी.

तर तिथं घोडं पेंड खात होतं!
यंत्राला वाटलं, बाहेर वणवा पेटलाय,
आणि त्याला गाडीची दया आली.
वीसेक घोडे नुसत्या दयेचे.
बाकीचे पंचवीस?
ठाऊक नाही, मी म्हटलं.
हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

शुक्रवारी मेव्हण्यासमोर कागद टाकायचाय.
तीनशे नव्वद तरी कर, ओफेलिंडा.

मी एक कळ दाबली. जुनं, सढळ हाताचं प्रमाण.
तीनशे ब्याऐंशी.
दुसरी दाबली, रेघेवरची इस्त्री काढली,
एक शेंडा उडी मारून नव्वदला टेकला.
गाडी जागची हलली नव्हती.
इंजिन बंद होतं.
तो बराच वेळ त्या शेंड्याकडे बघत बसला,
मग स्टूल ओढून म्हणाला, ठेव तसंच. नको, पुस.

दुपारभर आम्ही कामच केलं.
दोन प्लग काळे पडलेले, ते बदलले.
ठिणगी जराशी आधी सरकवली.
तेच पट्टे, तीच हवा, तोच गिअर,
पाण्याचा काटा पुन्हा त्याच खुणेवर येईपर्यंत थांबलो.
तीनशे एकोणऐंशी.

हे बारा धर, मी म्हटलं.
हे अमरिलोतही दिसतील, फक्त चारशे बाराच्या वर.
त्यानं दोन्ही कागद एकाच खिशात कोंबले
आणि पैसे मोजले, दोनदा.

तो गेल्यावर शटर अर्धं ओढलं.
मग उगाच, म्हणजे अगदी उगाच नव्हे,
घरून जुना पाऱ्याचा थर्मामीटर आणला
आणि माझ्या स्वतःच्या तारेशेजारी टांगला.

दोन अंशांचा फरक.
माझी तार हवा थंड सांगते.
म्हणजे दर गाडीमागे एक, फार तर दीड घोडा
आजवर माझ्याच पागेत बांधून होता.
किती वर्षं, कुणास ठाऊक.

एलिसेओचा नंबर वहीत आहे.
सांगावं का, ते उद्या बघू.
तार अजून बदललेली नाही.