फलकाचा मजकूर

मुख्य कार्यालयातून मजकूर आला:
"या भूमीच्या मूळ राखणदारांचे आम्ही आदरपूर्वक स्मरण करतो."
खाली सूचना: मराठी सोपं करा, चार ओळींत बसवा,
ग्रॅनाइटवर अक्षरागणिक पैसे पडतात.

साक्रीच्या पश्चिमेला, पठारावर, आमचे एकोणचाळीस पंखे.
सलोखा अधिकारी मी एकटाच.

'स्मरण' आधी खोडलं.
स्मरण मेलेल्यांचं करतात,
आणि तानकीबाई चौरे कुंपणाला पाठ टेकून
नागलीची भाकर खात होती.

तिला वाचून दाखवलं. सलोखा या शब्दाशी ती थांबली.
"म्हंजे काय?"
भांडण मिटवणं, मी म्हणालो.
"भांडन कवय व्हयनं भाऊ?
तुम्हीन ते इचारंच नही."

राखणदार ऐकून मात्र हसली.
तिच्याकडे जपून ठेवलेला एकच सरकारी कागद,
त्यावर तिच्या सासऱ्याच्या नावापुढे: अतिक्रमणधारक.
'ध'चं ते पोट मी कुठेही ओळखलं असतं.
माझे वडील या सजेचे तलाठी होते,
त्याच अक्षरात मला त्यांनी बाराखडी गिरवून दिली.

हे मी तिला सांगितलं नाही.
फलकातही बसत नव्हतं.

डोंगराचं नाव विचारलं. आमच्याकडे फक्त गट नंबर.
ती म्हणाली, असं दुपारी, चप्पल घालून विचारत नाहीत.
तेवढी जागा मी कोरी ठेवली.
कार्यालयाने तिथे बोधचिन्ह बसवलं.

मार्गशीर्षाच्या पुनवेला, रात्री अकराला,
माउल्या फाटकाशी आल्या. अनवाणी.
पुढे पावरीवाला,
त्याच्या भोपळ्यातही तोच वारा
ज्याची आम्ही युनिटं मोजतो.

किल्ली माझ्या खिशात होती. परवानगी नव्हती.
पुण्याचा फोन लागेना, किंवा मी नीट लावला नाही.

उत्तम मालचे, रात्रपाळीचा, नियमाचा माणूस,
त्याने रजिस्टर उघडलं:
नाव. वाहन क्रमांक. कोणाकडे काम.
एकवीस नावं. एकवीस वेळा 'पायी'.
तिसऱ्या रकान्यात पेन अडलं,
माझ्याकडे बघत त्याने लिहिलं, डोंगर,
आणि खाली वरीलप्रमाणेच्या खुणा ओढत गेला.

मी फाटक उघडलं. कुणी आभार मानले नाहीत.
तानकीबाई शेवटी गेली,
जाताना माझ्या बुटांकडे पाहिलं.

फलकाचं अनावरण सोमवारी आहे.