अकरा मिनिटं

गुरुवारचा शेवटचा खेळ सुटला की
रुवीच्या मागच्या गल्लीत, बंद शिंप्याच्या दुकानासमोर
टेंब्यांच्या गाडीचं बॉनेट म्हणजे आमचं ज्युरीचं टेबल.
चार करक, दोन चिप्स-पराठे, चीज जास्त.
समोरच्या डोंगरावर गवताची काडी नाही,
नजर अडकवायला माणसंच उरतात.

यंदा चुरस दोघांत:
एक घोड्याचा सिनेमा, एक जिन्याचा.
नावं आम्ही घेत नाही,
उच्चारावरून वेगळं भांडण होतं.

निशिगंधा शाळेत गणित शिकवते, तिला पुरावा लागतो.
"घोडा मेला तेव्हा शेजारचा बलुची ड्रायव्हर
पॉपकॉर्न मांडीवर ठेवून रडला.
अजून काय हवं बक्षिसाला?"
"घोडा रडवणारच," मुबीना म्हणाली,
"त्याला अभिनय येत नाही, तेच त्याचं भांडवल.
माझ्या लॅबमध्ये ये. सुई दाखवली
की कुणीही इतकं खरं रडतं."

मुबीना खतीब, दाभोळची, जिन्याच्या बाजूची.
मीही. फक्त मला कारण सांगता येईना.

टेंबे सतरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतायत,
त्यांचा आक्षेप तांत्रिक:
"पाच मजले चढते बाई, हातात सुटकेस,
आणि धाप नाही? ह्याला नामांकन?
मी चढतो तेव्हा चौथ्यावर मला
आई आठवते."

पाच मजले. एक दार. आतून पुरुषाचा एक शब्द.
खालची अरबी ओळ म्हणते: ये.
इंग्रजी ओळ म्हणते: नको.
मूळ भाषा आमच्यात कुणाला येत नाही.
मुबीना दोन्ही ओळी वाचते,
म्हणून तिचाच घोळ सगळ्यात मोठा.
आणि मग खटकन सकाळ.
बाई गच्चीवर, केस कापलेले,
हसतेय.

निशिगंधाने हिशेब मांडला:
पोस्टरवर एकशे बेचाळीस, हॉलमध्ये एकशे एकतीस.
अकरा मिनिटं कात्रीत गेली.

तेव्हापासून घोडा बाजूलाच पडला.
"भांडले असतील," टेंबे म्हणाले, "भांडी फुटली असतील."
मुबीना म्हणाली, "त्याने सूप केलं असेल, ती रडली असेल,
आणि सूप खारट झालं म्हणून दोघं हसली असतील."
निशिगंधा म्हणाली, "काहीच नाही. झोपली.
दमलेली माणसं झोपतात. अकरा मिनिटं नुसती झोप,
म्हणून तर कापली."
माझी पाळी आली.
मी म्हटलं, ती दारातूनच परत गेली.
सकाळी हसते ती दुसरीच कुणी.

कुणी काही विचारलं नाही.
टेंब्यांनी पराठ्याचा मोठा तुकडा
माझ्याकडे सरकवला.

बक्षीस जाहीर झालं तेव्हा इथे पहाट होती.
मी बंदरावर पावत्या जुळवत होतो,
टेंबे कुठल्याशा शाफ्टमध्ये लटकलेले.
घोडा जिंकला.
निशिगंधाने जिलबीचा फोटो पाठवला. जिलबी नाही.

मे महिन्यात टेंबे देवरुखहून परतले,
फणसपोळ्यांचा डबा घेऊन.
भाच्याच्या लॅपटॉपवर बघितला म्हणाले,
अख्खा, एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस.

करक निवत होता.
विचारावं की नाही, हे आमचं डोळ्यांनी चाललेलं.
"सांगू नका," मुबीना म्हणाली.
"सांगा," निशिगंधा म्हणाली.
मी डोंगराकडे बघत होतो.

टेंब्यांनी फणसपोळी दुमडली, पुन्हा उलगडली.
आमच्यात बसूनही तो माणूस त्या रात्री
थोडा पलीकडे बसल्यासारखा होता.

"एवढंच सांगतो," शेवटी म्हणाले,
"त्या दाराशी ती थांबतच नाही.
वर अजून एक मजला आहे.
आणि तिथे चढताना
तिला धाप लागते."